कॅप्नोग्राफी: सिडेशनमधल्या आणि व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाचा श्वास लाटेवरून कसा वाचायचा

नाकाला ऑक्सिजन लावलेल्या रुग्णाचा श्वास थांबला, तरी पल्स ऑक्सिमीटरवर ९८ टक्के बराच वेळ तसेच दिसत राहतात. फुप्फुसात साठलेला ऑक्सिजन संपत येईपर्यंत तो आकडा हलत नाही आणि धडधाकट माणसात एक-दोन मिनिटं सहज निघून जातात. कॅप्नोग्राफची, म्हणजे उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजून त्याची लाट काढणाऱ्या यंत्राची, रेघ मात्र पुढच्याच श्वासाला सपाट होते. रक्तात ऑक्सिजन किती आहे ते ऑक्सिमीटर सांगतो. हवा खरोखर आत-बाहेर होते आहे का, हे कॅप्नोग्राफ सांगतो. म्हणून एकाच्या भरवशावर दुसरा काढून ठेवता येत नाही.

हा लेख आयसीयूतल्या सिस्टर-ब्रदर, ओटी टेक्निशियन, निवासी डॉक्टर आणि एंडोस्कोपीसारख्या प्रोसिजरसाठी सिडेशन (गुंगीचं औषध) देणाऱ्या छोट्या हॉस्पिटलांसाठी आहे. कार्बन डायऑक्साइडचे (सीओटू) सगळे आकडे मिलिमीटर पाऱ्यात दिले आहेत. तुमचं यंत्र किलोपास्कल दाखवत असेल तर १ म्हणजे ७.५ धरा, टक्के दाखवत असेल तर समुद्रसपाटीला १ टक्का म्हणजे सुमारे ७.६. उच्छ्वासाच्या शेवटी मिळणारा आकडा म्हणजे ईटीसीओटू, पुढे नुसतं ‘ईटी’. नॉर्मल ३५ ते ४५.

यंत्र कोणतं आहे ते आधी ओळखा

सीओटूचे रेणू ४.२६ मायक्रोमीटर तरंगलांबीचा इन्फ्रारेड प्रकाश शोषतात. किती प्रकाश शोषला गेला यावरून वायू किती आहे ते ठरतं. हे मोजमाप कुठे होतं, त्यावरून दोन प्रकार पडतात.

मेनस्ट्रीममध्ये सेन्सर थेट ट्यूब (श्वासनलिकेत घातलेली नळी) आणि वाय-पीस (व्हेंटिलेटरच्या दोन नळ्या जुळतात तो जोड) यांच्या मधल्या अडॅप्टरवर बसतो. लाट लगेच उमटते, वायू ओढून घेतला जात नाही. पण सेन्सरचं वजन ट्यूबवर येतं आणि अडॅप्टरच्या खिडकीवर कफ बसला की आकडा चुकतो. साइडस्ट्रीममध्ये बारीक नळीतून (सॅम्पलिंग लाइन) वायू यंत्रात ओढला जातो, बहुतेक यंत्रांत मिनिटाला १५० ते २५० मिली, कमी फ्लोच्या यंत्रांत ५० मिली. ट्यूब नसलेल्या रुग्णालाही हा लावता येतो, म्हणून सिडेशनसाठी हाच. लाट दोन-तीन सेकंद उशिरा दिसते आणि पाणी हा याचा कायमचा शत्रू.

जोडणी

रुग्णाला लावण्याआधीची पाच मिनिटं कधीही वाचवू नका.

१. यंत्र सुरू करून गरम होऊ द्या. मेनस्ट्रीमचा सेन्सर बाष्प जमू नये म्हणून स्वतः तापतो. तोवर आकड्यावर विश्वास नको.

२. यंत्र मागेल तेव्हा, आणि अडॅप्टरचा प्रकार बदलला की हमखास, झिरो करा. अडॅप्टर सेन्सरला लावलेला पण सर्किटपासून (व्हेंटिलेटरच्या नळ्यांपासून) सुटा, साध्या हवेत, कोणाच्याही तोंडापासून दूर. वाकून स्क्रीन बघताना आपलाच उच्छ्वास सेन्सरवर गेला तर झिरो चुकीचा होतो आणि मग पूर्ण शिफ्टभर आकडा कमी दिसत राहतो.

३. साइडस्ट्रीम असेल तर वॉटर ट्रॅप (लाइनमधलं पाणी अडवणारी डबी) रिकामा आणि घट्ट बसलेला आहे का ते पाहा. लाइनच्या टोकावर स्वतः दोन-तीनदा फुंकर न घालता सावकाश श्वास सोडा. स्क्रीनवर चौकोनी लाट आली पाहिजे.

४. स्केल ० ते ५० किंवा ० ते ६० वर कायम करा, ऑटो-स्केल बंद करा. ऑटोवर ८ उंचीची मरतुकडी लाटसुद्धा पडदाभर पसरून छान दिसते. लाट बघायची सवय असलेल्या माणसालाही हा सापळा फसवतो.

५. अलार्म लावा. ट्यूबवरच्या रुग्णाला साधारण खालची मर्यादा २५ ते ३०, वरची ५० ते ५५, श्वास न दिसण्याचा अलार्म १५ ते २० सेकंद. श्वासात आत जाणारा सीओटू ५ च्या वर गेला की वाजेल असं ठेवा. जुना सीओपीडीचा (श्वासमार्ग कायमचे अरुंद झालेला) रुग्ण मुळातच ६० वर जगत असेल तर वरची मर्यादा त्याच्यापुरती बदला, नाहीतर सतत वाजणारा अलार्म कोणीतरी बंद करून टाकतो.

ट्यूबवरच्या रुग्णात साइडस्ट्रीमची लाइन जिथे जोडता ते तोंड वरच्या बाजूला वळवा. खाली वळलेल्या तोंडात सर्किटमधलं पाणी सरळ उतरतं. एचएमई फिल्टर (उच्छ्वासातला ओलावा धरून ठेवणारा) असेल तर त्याच्या मशीनकडच्या बाजूचा पोर्ट वापरला की लाइन कोरडी राहते. फक्त लहान बाळात त्या फिल्टरच्या पोकळीमुळे आकडा कमी येतो. लाइनला सलाइनची एक्स्टेन्शन किंवा थ्री-वे जोडून लांबी वाढवू नका. वायू वाटेत मिसळतो, लाटेचे कोपरे गोल होतात आणि ब्रॉन्कोस्पाझम (श्वासनलिकेच्या फांद्या आवळणं) नसताना तसं चित्र दिसतं.

नेब्युलायझेशन (औषधाचे तुषार श्वासातून) देताना मेनस्ट्रीम सेन्सर काढा किंवा साइडस्ट्रीमचा पंप थांबवा, कारण औषधाचा थर खिडकीवर आणि लाइनमध्ये बसतो. नेब्युलायझेशन संपलं की परत लावणं हे त्याच कामाचा भाग समजा. रुग्ण तासभर बिनमॉनिटरचा राहतो तो बहुधा याच ठिकाणी. भुलीचा गॅस देत असाल तर साइडस्ट्रीमच्या मागून बाहेर पडणारा वायू स्कॅव्हेंजिंगला (वापरलेला गॅस खोलीबाहेर नेणाऱ्या नळीला) जोडा.

लाट वाचण्याचा क्रम

आकड्याकडे सगळ्यात शेवटी बघा. आधी लाट आहे का, मग तळ, चढ, पठार, उतार, आणि मग उंची व वेग.

उच्छ्वासाच्या सुरुवातीला श्वासनलिकेतली, सीओटू नसलेली हवा येते. तो सपाट तळ, शून्यावर. मग अल्व्हिओलायमधली (फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांमधली) हवा मिसळू लागते आणि रेघ जवळजवळ उभी चढते. त्यानंतर पठार, डावीकडून उजवीकडे किंचित चढतं. पठाराच्या टोकाचा बिंदू म्हणजे ईटी. श्वास आत घेतला की रेघ तडक शून्यावर. पठार नीट दिसत नसेल तर छापून आलेला आकडा अल्व्हिओलायचा नाही, आणि त्यावरून व्हेंटिलेटर बदलायचा नाही.

*तळ शून्यावर येत नाही.* रुग्ण स्वतःचाच सीओटू परत ओढतो आहे. अ‍ॅनेस्थेशिया मशीनवर सोडा लाइम (सीओटू शोषणारे दाणे) संपला असेल किंवा व्हॉल्व्ह अडकला असेल. बेन सर्किटवर (सोडा लाइम नसलेलं सर्किट) फ्रेश गॅस कमी पडतो आहे: कंट्रोल्ड व्हेंटिलेशनला किलोमागे ७० मिली, म्हणजे ६० किलोच्या माणसाला मिनिटाला ४.२ लिटर, स्वतः श्वास घेणाऱ्याला याच्या दुप्पट-तिप्पट लागतो. आयसीयूत मात्र हेच चित्र बऱ्याचदा सेन्सरच्या खिडकीवरच्या पाण्याच्या थेंबामुळे दिसतं, म्हणून आधी अडॅप्टर काढून उजेडात धरा.

*चढ तिरका, पठारच नाही, ‘शार्क फिन’.* हवा बाहेर पडायला अडथळा. ब्रॉन्कोस्पाझम, वाकलेली किंवा कफाने चिकटलेली ट्यूब, रुग्णाने दातांनी चावलेली ट्यूब. आधी सक्शन कॅथेटर सहज खाली जातो का ते बघा, मग ब्रॉन्कोडायलेटर (श्वासमार्ग मोकळे करणारं औषध). उपचार लागू पडतो आहे हे स्टेथोस्कोपच्या आधी लाटेवर दिसतं, पठार परत आडवं होऊ लागतं.

*पठारात खाच.* मशीनच्या श्वासादरम्यान रुग्ण स्वतः श्वास ओढायला बघतो आहे. ओटीत रिलॅक्संटचा (स्नायू सैल करणाऱ्या औषधाचा) असर उतरत असेल किंवा सर्जनचा हात पोटावर दाबत असेल. आयसीयूत बहुतेक वेळा वेदना, कमी पडलेलं सिडेशन किंवा व्हेंटिलेटरचा न जुळणारा ट्रिगर (रुग्णाचा श्वास ओळखून मशीनने साथ देण्याचं सेटिंग). खाच दिसली की रिलॅक्संट द्यायचं, ही सवय वाईट; आधी कारण शोधा.

*पठार बुटकं आणि त्याच्या शेवटी एकदम उंचवटा.* ही लाट एकदा बघितली की विसरत नाही. सॅम्पलिंग लाइनचा जोड सैल आहे किंवा लाइनला चीर आहे. उच्छ्वासात बाहेरची हवा मिसळून पठार २० वर बसतं. व्हेंटिलेटरने पुढचा श्वास ढकलताच सर्किटमधला दाब वाढतो, गळती बंद होते आणि उरलेला अस्सल नमुना ३५-४० चा टेंगूळ काढतो. ल्युअर लॉक (लाइनचा पिळाचा जोड) आवळा, नाही जमलं तर लाइन बदला.

*पठार आखूड, उतार तिरका.* ट्यूबच्या कफभोवती (टोकाजवळच्या फुग्याभोवती) हवा निसटते आहे. कफ प्रेशर मोजा, २० ते ३० सेंमी पाणी. बोटाने पायलट बलून (त्या कफला जोडलेला बाहेरचा छोटा फुगा) चाचपून काही कळत नाही.

*पठाराच्या शेवटी बारीक लहरी, नाडीच्या तालात.* हृदयाचे ठोके फुप्फुसावर आपटतात. काही करायचं नाही.

ट्यूब टाकल्यावर

छातीवर आवाज ऐकला, ट्यूबमध्ये बाष्प दिसलं, छाती हलली: यातलं काहीही अन्ननलिकेतल्या ट्यूबलाही होऊ शकतं. ब्रिटनमधल्या २०११ च्या एनएपी४ या देशव्यापी तपासणीच्या अहवालाने आयसीयूत एअरवेच्या (श्वासमार्गाच्या) गुंतागुंतीमुळे झालेले मृत्यू तपासले, तेव्हा त्यांतल्या ७० टक्क्यांहून जास्त मृत्यूंना कॅप्नोग्राफी न वापरणं कारणीभूत ठरलं असावं असं आढळलं. आपल्याकडे ऑल इंडिया डिफिकल्ट एअरवे असोसिएशनच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनाही ट्यूबची खात्री कॅप्नोग्राफीने करायला सांगतात.

२०२२ मध्ये आलेल्या आंतरराष्ट्रीय सहमतीने ‘लाट आली’ म्हणजे नेमकं काय ते ठरवून दिलं. निदान ७ श्वास लाट हवी. उच्छ्वासात चढणारी, श्वासात उतरणारी. उंची तीच किंवा वाढती. तळापासून निदान ७.५ वर; आणि रुग्णाच्या अवस्थेला साजेशी. सात श्वासांचं कारण सोपं आहे. मास्कने वायुवीजन करताना पोटात गेलेली हवा किंवा प्यायलेला सोडा पहिले काही श्वास खोटी लाट देतो, आणि ती श्वासागणिक बुटकी होत जाते.

१. लॅरिंगोस्कोपी (ट्यूब टाकण्यासाठी पातं घालून स्वरयंत्र बघणं) करण्याआधीच लाइन अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देणारी पिशवी) आणि मास्कच्या मध्ये जोडून ठेवा. मास्कवर लाट आली म्हणजे यंत्र चालू आहे हे सिद्ध झालं. नंतर सपाट रेघ आली तर ‘मशीन बिघडलं असेल’ हा बहाणा उरत नाही.

२. ट्यूब गेली, कफ फुगवला, बॅग दाबली. एका माणसाने मोठ्याने श्वास मोजायचे आणि लाट टिकते आहे का ते सांगायचं.

३. लाट नाही तर ट्यूब अन्ननलिकेत आहे असंच धरा. शंका असताना ट्यूब काढून मास्कने ऑक्सिजन देणं हाच नियम. तीव्र ब्रॉन्कोस्पाझम किंवा पूर्ण बंद झालेल्या ट्यूबमध्येही लाट येत नाही, पण ते निदान अन्ननलिका नक्की वगळल्यावरचं.

ट्यूब उजव्या ब्रॉन्कसमध्ये (श्वासनलिकेच्या उजव्या फांदीत) घसरली हे मात्र लाट सांगत नाही. तिथे दोन्ही बाजूंचे आवाज आणि दातांपाशी लांबी: प्रौढ बाईत सुमारे २१ सेंमी, पुरुषात २३.

व्हेंटिलेटरवर: रक्तातला आकडा आणि ईटी यांतली फट

निरोगी फुप्फुसात धमनीतला सीओटू ईटीपेक्षा २ ते ५ ने जास्त असतो. आजारी फुप्फुसात ही फट १० ते २० पर्यंत जाते, कारण काही अल्व्हिओलायना हवा मिळते पण रक्त मिळत नाही. तिथली सीओटू नसलेली हवा उच्छ्वासात मिसळून ईटी पातळ करते. सीओपीडी, एआरडीएस (सुजून पाणी भरलेलं फुप्फुस), फार जास्त पीप (उच्छ्वासाच्या शेवटी मशीनने ठेवलेला दाब), पल्मनरी एम्बोलिझम (फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी), पडलेलं बीपी, सगळीकडे हेच.

म्हणून एबीजीची (धमनीतल्या रक्तातले वायू तपासण्याची) सुई आर्टरीत असतानाच स्क्रीनवरचा ईटी लिहून घ्या. रिपोर्ट आल्यावरचा ईटी चालत नाही, तोवर अर्धा तास गेलेला असतो. चार्टवर ‘एबीजी ४७, ईटी ३५, फट १२’ असं लिहा. डोक्याला मार लागलेल्या रुग्णात धमनीतलं लक्ष्य साधारण ३५ ते ४० असतं. इथे ईटी ३५ बघून सगळे निश्चिंत झाले तर मेंदूला ४७ वर ठेवलं जातं, रक्तवाहिन्या पसरतात, डोक्यातला दाब चढतो. उलट बाजूने नुसता ईटी पाडण्याच्या नादात धमनीतला आकडा ३० च्या खाली गेला तर मेंदूचा रक्तपुरवठा आटतो.

फट ठाऊक असेल तर रेट बदलण्याचा हिशोब सरळ आहे. आत्ताचा रेट गुणिले आत्ताचा धमनीतला सीओटू, भागिले हवा असलेला. रेट १४, सीओटू ५५, हवा ४०: १४ × ५५ ÷ ४० म्हणजे सुमारे १९. अडथळ्याच्या रुग्णात रेट वाढवताना श्वास पूर्ण बाहेर पडतो आहे का ते फ्लोच्या लाटेवर बघा. नाहीतर हवा आत साठत जाते आणि बीपी पडतं.

सेटिंगला हात लावलेला नसताना ईटी ४० वरून २४ वर आला तर ‘हायपरव्हेंटिलेशन’ म्हणून रेट कमी करू नका. फुप्फुसापर्यंत रक्तच कमी पोहोचतं आहे. नाडी चाचपा, बीपी बघा, रक्तस्राव, एम्बोलिझम आणि न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाभोवती साठलेली हवा) मनात आणा. ईटी हळूहळू चढत असेल तर ताप, थरथर, कमी पडणारं व्हेंटिलेशन. लॅपरोस्कोपीत (दुर्बिणीने केलेल्या पोटाच्या ऑपरेशनमध्ये) पोटात भरलेला सीओटू रक्तात शोषला जातो. भुलीचा गॅस किंवा सक्सामेथोनियम (एक रिलॅक्संट) दिल्यानंतर व्हेंटिलेशन वाढवूनही ईटी चढतच राहिला, सोबत ताठरपणा आणि वाढती नाडी असेल, तर मॅलिग्नंट हायपरथर्मिया (या औषधांनी होणारी जीवघेणी प्रतिक्रिया) धरा. ताप त्यात बऱ्याचदा उशिरा येतो.

रेघ अचानक सपाट झाली तर आधी रुग्ण, मग यंत्र: छाती हलते आहे का, सर्किट सुटलं आहे का, नाडी आहे का. अंबूने हाताने श्वास द्या. हवा सहज जाते आणि रुग्ण ठीक आहे अशी खात्री झाल्यावरच लाइनकडे वळा. कूस बदलल्यावर खांद्याखाली दबलेली लाइन, पाण्याने भरलेला ट्रॅप, कफाचा गोळा, ही नेहमीची कारणं. सीटी स्कॅनला नेताना, ट्रॉलीवरून बेडवर घेताना ट्यूब निसटते. म्हणून त्या हालचालीच्या आधी आणि नंतर लाट बघून बोलून दाखवायची पद्धत पाडा.

सिडेशनमध्ये

अमेरिकन सोसायटी ऑफ अ‍ॅनेस्थेसिऑलॉजिस्ट्सने जुलै २०११ पासून मध्यम आणि खोल सिडेशनमध्येही उच्छ्वासातला सीओटू बघणं मानकात घातलं. कॅन्युला नाकातून नमुना घेणारी आणि जमल्यास तोंडासमोर पन्हळ असलेली घ्या, कारण एंडोस्कोपीत माउथगार्ड लावलेला रुग्ण तोंडाने श्वास घेतो. ऑक्सिजन ४-५ लिटरच्या वर गेला की नमुना पातळ होतो आणि आकडा कमी दिसतो. लाटेचा वेग आणि आकार मात्र कामाचा राहतो. अशी कॅन्युला नसेल तेव्हा बरेच जण सुई काढलेला मोठा आयव्ही कॅन्युला ऑक्सिजन मास्कमधून खुपसून लाइन जोडतात. त्यावर श्वास आहे की नाही एवढंच कळतं, आकडा चार्टवर लिहू नका.

औषध देण्याआधीची लाट आणि आकडा नोंदवा, पुढची तुलना त्याच्याशी. अलार्म: श्वास न दिसणं २० सेकंद, रेट ८, ईटी सुरुवातीच्या आकड्यापेक्षा १० ने वर किंवा खाली.

‘खाली’ का, ते समजून घेण्यासारखं आहे. फेंटानिलने श्वास मंदावतो पण खोल राहतो. तेव्हा रेट ६ आणि ईटी ५५, हे सगळ्यांना कळतं. मिडाझोलाम किंवा प्रोपोफोलने श्वास उथळ होऊ शकतो. ६० किलोच्या माणसात नाकापासून अल्व्हिओलायपर्यंतचा नुसता श्वासमार्गच सुमारे १२०-१३० मिलीचा. श्वास १५० मिलीचा झाला तर अल्व्हिओलायमधली हवा नाकापर्यंत जेमतेम पोहोचते. लाटा बुटक्या, ईटी २२, रेट नॉर्मल, आणि रक्तात सीओटू चढत चाललेला. हा २२ बघून कोणी ‘छान श्वास घेतोय’ म्हणालं तर पुढचा डोस नेमका चुकीच्या वेळी जातो. खात्री करायची तर रुग्णाला हलवून एक खोल श्वास घ्यायला सांगा; त्या एका श्वासाची लाट ५० वर गेली तर खरं चित्र कळलं.

छाती हलते आहे पण लाट नाही, म्हणजे वरचा मार्ग बंद: जीभ मागे पडली आहे किंवा लॅरिंगोस्पाझम (स्वरयंत्र आवळणं). पायऱ्या अशा: औषध थांबवा, हाक मारून खांदा हलवा, हनुवटी उचला, जॉ थ्रस्ट (खालचा जबडा पुढे ढकलणं), ऑक्सिजन वाढवा, गरज पडली तर एअरवे (जीभ मागे पडू न देणारी नळी) घालून अंबू. श्वास परत यायला वेळ लागत असेल तर डॉक्टरांच्या आदेशाने फेंटानिलसारख्या औषधांचा उतारा म्हणून नॅलोक्सोन ०.०४ ते ०.१ मिग्रॅच्या छोट्या डोसांत, किंवा बेंझोडायझेपीनसाठी (मिडाझोलामसारख्या) फ्लुमाझेनिल ०.२ मिग्रॅ, एकूण १ मिग्रॅपर्यंत. झटक्यांचा आजार असलेल्याला किंवा रोज ही औषधं घेणाऱ्याला फ्लुमाझेनिल टाळा. दोन्ही औषधांचा असर मूळ औषधाआधी उतरू शकतो, म्हणून रिकव्हरीतही कॅन्युला तशीच राहू द्या.

सीपीआरमध्ये

छाती दाबल्याने फुप्फुसात जेवढं रक्त जातं तेवढा सीओटू बाहेर येतो, त्यामुळे ईटी हा दाबणाऱ्या हातांचा मापक ठरतो. १० च्या वर हवाच, २० गाठता आला तर उत्तम. १८ वरून ११ वर घसरला तर दाबणारा दमला आहे, दोन मिनिटं पुरी व्हायची वाट न बघता माणूस बदला. ईटी अचानक १० किंवा जास्त चढून ३५-४० कडे गेला तर हृदय सुरू झालं असण्याची शक्यता मोठी. पुढच्या रिदम चेकला नाडी बघा. सोडाबायकार्ब दिल्यावर तो थोडा वेळ खोटा चढतो, अ‍ॅड्रेनालिननंतर थोडा उतरतो. ट्यूब असूनही २० मिनिटांनंतर ईटी १० च्या खालीच असेल तर जगण्याची आशा फार कमी, तरी एकट्या या आकड्यावर सीपीआर थांबवायचा नाही. रेघ पूर्ण सपाट असेल तर ‘हृदयच बंद आहे ना’ म्हणून सोडून देऊ नका: छाती नीट दाबली जात असताना थोडी तरी लाट येते. ट्यूब तपासा.

तान्ह्या बाळांत

तीन किलोच्या बाळाचा श्वास साधारण १८ मिली, रेट ४०, म्हणजे मिनिटाला ७२० मिली. साइडस्ट्रीमने त्यातले २०० ओढले तर पावभरापेक्षा जास्त हवा गेली. इथे ५० मिलीचं यंत्र किंवा हलक्या अडॅप्टरचं मेनस्ट्रीम घ्या, आणि अडॅप्टर नवजाताचाच. प्रौढांच्या अडॅप्टरची पोकळीच बाळाच्या श्वासाचा मोठा हिस्सा खाते. वेगवान श्वासात पठार बनतच नाही, त्यामुळे आकड्यापेक्षा कल बघा आणि एबीजीशी जुळवत राहा.

रोजची निगा

वॉटर ट्रॅप दर शिफ्टला बघा, अर्धा भरण्याआधी रिकामा करा किंवा यंत्राच्या सूचनेप्रमाणे बदला. सॅम्पलिंग लाइन एका रुग्णाला एकच; आतून ओली झालेली लाइन सिरिंजने फुंकून परत वापरली तर ते पाणी यंत्राच्या सेन्सरपर्यंत पोहोचतं आणि दुरुस्तीचा खर्च लाइनच्या कितीतरी पट येतो. मेनस्ट्रीमचा सेन्सर पाण्यात बुडवू नका, कंपनीने सांगितलेल्या जंतुनाशकाने ओलसर केलेल्या कपड्याने पुसा. चार्टवर तासागणिक ईटीसोबत लाटेचा आकार एका शब्दात लिहा: चौकोनी, तिरकी, खाच, बुटकी. रात्रीच्या ड्युटीवर आलेल्या माणसाला नुसत्या ‘३८’पेक्षा ‘३८, तिरकी, दोन तासांपासून’ यातून पुढे काय बघायचं ते लगेच कळतं.